'ऑटोप्सी'तला 'ऑटो' नेमका कोण?

विचारलेला प्रश्न असा: 'ऑटोप्सी' या शब्दाचा मूळ अर्थ काय, त्यातल्या 'ऑटो'चा मेलेल्या माणसाशी काय संबंध, आणि ऑटोप्सी, पोस्टमॉर्टेम, नेक्रॉप्सी, शवविच्छेदन हे सगळं एकच की वेगवेगळं? न्यायवैद्यकशास्त्र शिकवताना वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. 'आपोआप होणारी तपासणी का, सर?' असं मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच.

आधी सरळ उत्तर देतो. शब्द ग्रीक आहे, 'ऑटोप्सिया'. 'ऑटोस' म्हणजे स्वतः, 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं. दोन्ही मिळून अर्थ झाला 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं'. बस, एवढंच. या शब्दात मृत्यू नाही, शव नाही आणि सुरीही नाही. एखाद्या ग्रीक माणसाने दूरचा डोंगर स्वतः जाऊन पाहिला, तर तीही ऑटोप्सियाच.

इथे एक गैरसमज आधी निकालात काढतो, कारण तो शिकलेल्या लोकांतही पसरलेला आहे. 'ऑटो म्हणजे स्वतः, म्हणून माणसाने आपल्याच जातीच्या प्राण्याची, म्हणजे माणसाची, केलेली तपासणी ती ऑटोप्सी. जनावराची केली तर नेक्रॉप्सी.' ऐकायला हे फार सुबक वाटतं, पण ही मागाहून जुळवलेली कथा आहे. 'स्वतः' हा पाहणारा आहे, पाहिली जाणारी वस्तू नव्हे. टेबलावर कोण झोपलंय याच्याशी त्या 'ऑटो'ला काही देणंघेणं नाही. टेबलाशी कोण उभं आहे आणि त्याने खरोखर पाहिलं का, एवढंच तो विचारतो.

हा शब्द वैद्यकात आला तेव्हाची गंमत सांगण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात ग्रीक वैद्यकात अनुभववाद्यांचा एक पंथ निघाला. त्यांचं म्हणणं, रोगाच्या दडलेल्या कारणांवर तर्क लढवत बसू नका. काय केल्यावर काय झालं तेवढं बघा. त्यांच्या मते ज्ञान तीन मार्गांनी मिळतं. पहिला मार्ग 'ऑटोप्सिया', म्हणजे वैद्याने स्वतः पाहिलेलं. दुसरा 'हिस्टोरिया', म्हणजे इतरांनी पाहून नोंदवून ठेवलेलं. आणि हे दोन्ही हाताशी नसेल तेव्हा तिसरा, मिळत्याजुळत्या रोगावरून अंदाज बांधणं. आपण आज रुग्णाची 'हिस्टरी' घेतो, तो शब्द याच घरातला.

पण या पंथाचा शवविच्छेदनाला चक्क विरोध होता. जवळपास त्याच काळात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि एरासिस्ट्राटस हे दोघे माणसांची शवं उघडून मेंदू, नसा, हृदयाच्या झडपा यांचा अभ्यास करत होते. अनुभववादी त्यावर म्हणत, मेल्यावर शरीर बदलतं, तेव्हा मेलेल्यात जे दिसेल ते जिवंताला लागू होईलच असं नाही. शिवाय हे काम किळसवाणं आणि अनावश्यक आहे. जखमी माणसाच्या उघड्या जखमेतून जेवढं आपसूक दिसतं तेवढं पुरे. म्हणजे ज्यांनी 'ऑटोप्सिया' हा शब्द वैद्यकात मानाने बसवला, त्यांनीच आज आपण ज्याला ऑटोप्सी म्हणतो ते करायला नकार दिला होता. बरं, त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. मेल्यावर शरीर बदलतं हे खरंच आहे, आणि त्या बदलांनी आजही डॉक्टर फसतात. 

मग हा शब्द शवाला चिकटला कधी? युरोपीय भाषांत तो आधी 'प्रत्यक्ष पाहणी' याच अर्थाने गेला. सतराव्या शतकातल्या इंग्रजीतही 'ऑटोप्सी' म्हणजे साक्षात पाहणं. फ्रेंचमध्ये पूर्ण शब्दप्रयोग होता 'ओतोप्सी कादावेरिक', म्हणजे 'शवाची प्रत्यक्ष पाहणी'. रोजच्या वापरात लांब शब्द झिजतात. 'शवाची' गळून पडलं आणि 'प्रत्यक्ष पाहणी' एवढंच उरलं.

पोस्टमॉर्टेमचं याच्या बरोबर उलट झालं. ते लॅटिन आहे: 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'मॉर्तेम' म्हणजे मृत्यू. मूळ शब्दप्रयोग 'पोस्टमॉर्टेम एक्झामिनेशन', मरणोत्तर तपासणी. त्यातली तपासणी गळाली आणि 'मृत्यूनंतर' एवढंच राहिलं. म्हणजे ऑटोप्सीत पाहणं आहे पण मृत्यू नाही. पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यू आहे पण पाहणं नाही. दोन्ही अर्धे शब्द, आणि दोन्ही एकाच कामाची नावं. व्यवहारात फरक शोधायचाच झाला तर तो एवढाच की, 'पोस्टमॉर्टेम' थोडं सैल वापरलं जातं. मृत्यूनंतर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला साचून कातडीवर डाग येतात, त्यांना आम्ही 'पोस्टमॉर्टेम लिव्हिडिटी' म्हणतो. तिथे तो शब्द निव्वळ विशेषण आहे. 'ऑटोप्सी' मात्र कायम त्या तपासणीलाच म्हणतात. रुग्णालयात तर दोन्ही सोडून सगळे 'पीएम' म्हणतात.

आता इतिहासात थोडं रेंगाळतो, कारण या शब्दातली खरी गोम 'स्वतः' या पदात आहे आणि वैद्यकाला ती कळायला फार वेळ लागला.

मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांत शवं उघडली जात, पण कशी? प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचायचा. खाली एक न्हावी कापायचा. तिसरा एक जण हातात काठी घेऊन वाचलेला अवयव दाखवायचा. जो वाचत होता तो पाहत नव्हता, जो पाहत होता त्याला लॅटिन येत नव्हतं. शवात काही वेगळंच दिसलं तर ग्रंथ खरा आणि शव खोटं! गेलनने माणसाची शवं जवळजवळ उघडलीच नव्हती. त्याचा बहुतेक अभ्यास माकडं आणि डुकरांवरचा. खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं त्याने लिहून ठेवलं, आणि पुढची हजार वर्षं तो दोन हाडांचाच राहिला. प्रत्येकाच्या तोंडात पुरावा असूनही.

हे पहिल्यांदा कोणी खोडून काढलं? पुष्कळ जण सोळाव्या शतकातल्या शरीररचनातज्ज्ञ व्हेसॅलियसचं नाव घेतील. पण त्याच्या जवळजवळ साडेतीनशे वर्षं आधी, इसवी सन १२०० च्या सुमाराला इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, तेव्हा अब्द अल-लतीफ अल-बगदादी हा वैद्य तिथे होता. त्याने उघड्यावर पडलेल्या हाडांच्या राशी जाऊन पाहिल्या आणि लिहिलं की, खालचा जबडा एकाच हाडाचा आहे. त्याच्याच म्हणण्यानुसार त्याने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. गेलन कितीही थोर असला तरी आपल्या इंद्रियांची साक्ष त्याच्यापेक्षा वरचढ आहे, असं त्याने स्पष्ट म्हटलं. त्याने एकही शव कापलं नाही, पण 'ऑटोप्सिया' या शब्दाला इतकं जागणारा माणूस विरळा.

व्हेसॅलियसचं मोठेपण वेगळं आहे. तो त्या उंच आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली. त्याचा ग्रंथ १५४३ चा. मुखपृष्ठावरच्या चित्रात तो शवाशेजारी उभा आहे आणि त्याचा हात शवावर आहे. न्हावी टेबलाखाली बसलाय. त्या चित्रातच सगळं येतं.

मृत्यूचं कारण शोधण्यासाठी, तेही न्यायालयाच्या सांगण्यावरून, शव उघडल्याची जुनी नोंद १३०२ सालची, इटलीतल्या बोलोन्याची आहे. अझोलिनो नावाच्या माणसाला विष घातल्याचा संशय होता. बार्तोलोमेओ दा वारिन्याना आणि इतर वैद्यांनी शव उघडलं आणि सांगितलं की विष नाही, आतल्या मोठ्या शिरेत रक्त साचल्याने मृत्यू झाला. निदान आजच्या कसोटीला किती उतरेल हा वेगळा प्रश्न. पण आम्ही स्वतःच्या इंद्रियांनी आणि अवयव उघडून खात्री करून घेतली आहे, अशा आशयाचं वाक्य त्यांनी अहवालात घातलं. 'ऑटोप्सी' शब्द तेव्हा या कामासाठी वापरात नव्हता. या कामाला 'अ‍ॅनाटॉमी' म्हणत, ज्याचा ग्रीक अर्थ कापून वेगळं करणं. शब्द नव्हता, अर्थ मात्र पुरेपूर होता.

पुढे १७६१ मध्ये इटलीतल्या पादुआच्या मोर्गान्यी या वैद्याने, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, सुमारे ७०० रुग्णांची हकिगत आणि त्यांच्या शवात काय सापडलं हे शेजारी शेजारी मांडणारा ग्रंथ काढला. रोग 'कुठे' बसलेला असतो हा प्रश्न तिथून वैद्यकाच्या मध्यभागी आला. व्हिएन्नात रोकिटान्स्की आणि बर्लिनमध्ये फिरखो यांनी शव उघडण्याच्या पद्धती बसवल्या. फिरखो एकेक अवयव सुटा काढून तपासायचा; रोकिटान्स्की जिथल्या तिथे बघत जायचा. अवयव गटागटाने किंवा सगळे एकसंध बाहेर काढण्याच्या पद्धती नंतर आल्या. आज प्रत्यक्षात आम्ही प्रकरण बघून या सगळ्यांची सरमिसळ करतो.

भारतीय परंपरेबद्दल विचारलं नाहीये, पण ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव तपासण्याची पद्धत दिली आहे. विषाने न मेलेलं, दीर्घ आजाराने न खंगलेलं शव घ्यावं, मुंज गवतासारख्या गवताने गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावं, एकांतात वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावं. सात रात्रींनंतर नीट कुजलेलं शव काढून वाळा, केस किंवा वेळूच्या कुंच्याने हळूहळू घासत जावं आणि कातडीपासून आतल्या प्रत्येक अंगापर्यंत सगळं 'चक्षुषा', डोळ्यांनी, पाहावं. सुरीचं नावही नाही. लगेच पुढे हा श्लोक येतो: 'प्रत्यक्षतो हि यद्दृष्टं शास्त्रदृष्टं च यद्भवेत् । समासतस्तदुभयं भूयो ज्ञानविवर्धनम् ॥' डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही एकत्र आलं की ज्ञान वाढतं. 'ऑटोप्सिया'ला नेमका प्रतिशब्द हवा असेल तर तो 'प्रत्यक्ष' हाच. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. सुश्रुत शरीररचना शिकवतोय, मृत्यूचं कारण शोधत नाहीये. सुश्रुताने ऑटोप्सी केली असं जे बिनधास्त लिहिलं जातं, ते त्या अर्थाने बरोबर नाही.

हाच घोळ मराठीत 'शवविच्छेदन' या शब्दाने होतो. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं फॉर्मलिनमध्ये मुरवलेल्या देहावर महिनोन् महिने जे करतात तेही शवविच्छेदन, आणि शवागारात होतं तेही शवविच्छेदन. पहिलं म्हणजे डिसेक्शन. निरोगी रचना कशी असते ते शिकण्यासाठी. दुसरं म्हणजे ऑटोप्सी; या एका माणसाचं काय झालं ते कळण्यासाठी. देहदान केलेल्या घरच्यांनाही हा फरक पुष्कळदा माहीत नसतो. शिवाय 'विच्छेदन' म्हटलं की डोळ्यांसमोर फक्त कापणं येतं, आणि नातेवाइकांच्या विरोधाचं निम्मं कारण तो शब्दच असतो असं माझं मत आहे. सरकारी कागदांत 'उत्तरीय तपासणी' असतं. शब्द सौम्य आहे, पण 'मरणोत्तर'चं शेपूट तेवढं ठेवल्यामुळे नवख्याला वाटतं की उपरण्याची ('उत्तरीय' म्हणजे उपरणंही) तपासणी चालली आहे. मला स्वतःला आवडतो तो जुना शब्द 'शवचिकित्सा'. मेलेल्यावर कसली चिकित्सा, असं म्हणून लोक त्याला हसतात. पण मराठीत 'चिकित्सक' म्हणजे खोलात शिरून छाननी करणाराही असतो, आणि इथे तोच अर्थ अभिप्रेत आहे.

आता टेबलाशी येऊ. 'स्वतः पाहणं' म्हणजे प्रत्यक्षात काय, ते दोन-तीन उदाहरणांनी सांगतो.

गळा दाबल्याचा किंवा गळफासाचा संशय असेल तर मान सगळ्यात शेवटी उघडायची. आधी कवटी आणि छाती उघडायची, म्हणजे मानेच्या शिरांतलं रक्त दोन्हीकडून निथळून जातं. मग कोरड्या मानेचा एकेक स्नायू पदर सोडवावा तसा वेगळा करायचा. घाईने आधीच मान उघडली तर शिरांतलं रक्त अन्ननलिकेच्या मागे पाझरतं आणि हुबेहूब दाबल्याच्या जखमेसारखं दिसतं. १९५१ मध्ये प्रिन्सलू आणि गॉर्डन यांनी हा फसवा रक्तस्राव दाखवून दिला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. डॉक्टरच्याच सुरीने तयार झालेली खूण, आणि तिच्यावरून निरपराध माणूस खुनी ठरायचा!

दुसरं, फुप्फुसाभोवती हवा साचून मृत्यू झाला असेल तर छाती उघडताक्षणी तो पुरावा हवेत विरून जातो. म्हणून छातीच्या बाजूला कातडी सोडवून एक कप्पा करायचा, त्यात पाणी भरायचं आणि पाण्याखाली दोन बरगड्यांच्या मध्ये छेद घ्यायचा. बुडबुडे आले तर हवा होती. ज्याने बुडबुडे पाहिले त्याने पाहिले. नंतर दाखवता येत नाहीत. पायातल्या शिरेत धरलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली असेल, तर फुप्फुसाकडे जाणारी धमनी हृदय जागेवर असतानाच उघडावी लागते. आधी सगळं कापून बाहेर काढलं तर गुठळी घरंगळून जाते आणि अहवालात 'कारण आढळले नाही' येतं.

तिसरं उदाहरण बरणीचं. विषाच्या तपासासाठी राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे जठर व त्यातला ऐवज, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडं, हे सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मलिनमध्ये नाही. फॉर्मलिन ऊतींना घट्ट करतं आणि त्यातून विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्येच हवा. दोन बरण्यांची अदलाबदल झाली की दोन्ही तपास वाया.

यातली एकही गोष्ट दारात उभं राहून जमत नाही. आणि खेदाची बाब अशी की दारात उभं राहून अहवाल लिहिणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. आत शवागारातला मदतनीस उघडतो, ओरडून सांगतो, 'लिव्हर पांढरं पडलंय, सर', आणि बाहेर टेबलावर 'यकृत फिकट' असं लिहिलं जातं. हे त्या उंच आसनावरच्या प्राध्यापकाचेच वारस. मदतनिसांना कमी लेखत नाही. कवटी मेंदूला धक्का न लावता उघडण्यात त्यांचा हात कित्येक डॉक्टरांपेक्षा चांगला असतो. पण सही ज्याची, डोळे त्याचेच हवेत. उलटतपासणीत वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो: 'हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?' दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक शब्द साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असा उभा राहतो.

नीट पाहून लिहिलेला अहवाल मात्र दुसऱ्याचे डोळे होऊ शकतो. १८४७ मध्ये व्हिएन्नात याकोब कोलेत्शका हा डॉक्टर शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून मेला. त्याचा मित्र, प्रसूतिगृहातला डॉक्टर सेमेलवाइस, तेव्हा गावी नव्हता. परत आल्यावर त्याने मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्यात त्याला बाळंतरोगाने मेलेल्या बायकांच्या शवात सापडणाऱ्याच खुणा दिसल्या. शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हात हेच कारण, हे तिथून उलगडलं आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सुरू झालं.

आणि जिवंत असताना केलेल्या निदानाचं काय? १९१२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॅबट यांनी ३,००० शवविच्छेदनांशी डॉक्टरांची निदानं ताडून पाहिली आणि कितीतरी रोगांत ती सपशेल चुकल्याचं छापलं. साहजिकच मित्रमंडळी खूश झाली नाहीत. आज स्कॅन आणि रक्ततपासण्या आल्यामुळे रुग्णालयांतली अशी, म्हणजे घरच्यांच्या संमतीने रोग समजून घेण्यासाठी केलेली ऑटोप्सी जगभर कमी झाली आहे. कायद्याने करावी लागणारी राहिली. सामान्य माणसाला ऑटोप्सी म्हणजे पोलिसांचंच काम वाटतं ते त्यामुळे.

नातलग शब्दांकडे झटपट बघू. 'नेक्रोस' म्हणजे मृतदेह, म्हणून नेक्रॉप्सी म्हणजे 'शव पाहणं'. खरं तर अर्थाने हाच शब्द जास्त अचूक, पण इंग्रजीत तो प्रामुख्याने पशुवैद्यकांकडे गेला. स्पॅनिशसारख्या भाषांत माणसासाठीही चालतो. 'बायोप्सी' हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए याने १८७९ मध्ये घडवला: 'बायोस' म्हणजे जीवन, जिवंताचा तुकडा पाहणं. 'सायकॉलॉजिकल ऑटोप्सी'त आत्महत्येचा संशय असलेल्या माणसाचे शेवटचे दिवस त्याच्या जवळच्यांशी बोलून उभे केले जातात. 'व्हर्बल ऑटोप्सी'त तर शव नसतंच. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे घरच्यांना लक्षणं विचारून मृत्यूचं संभाव्य कारण ठरवतात. जुन्या अनुभववाद्यांनी याला ऑटोप्सिया म्हटलंच नसतं, ही शुद्ध 'हिस्टोरिया' आहे.

सगळ्यात विचार करून घडवलेला शब्द म्हणजे 'व्हर्टॉप्सी'. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी सीटी आणि एमआरआय स्कॅनने शव न कापता तपासण्याची पद्धत विकसित केली. नाव ठेवताना 'व्हर्च्युअल' आणि 'ऑटोप्सी' जोडले आणि मधला 'ऑटोस' मुद्दाम वगळला. त्यांचा युक्तिवाद असा की, एकाच माणसाच्या डोळ्यांवर विसंबणं हाच जुन्या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. स्कॅन साठवून ठेवता येतो, दहा वर्षांनी दुसऱ्या तज्ज्ञालाही तोच दाखवता येतो. हाडं मोडणं, शरीरात अडकलेली गोळी, साचलेली हवा यांत तो सुरीपेक्षा सरस आहे. पाण्याखालचे ते बुडबुडे आता पडद्यावर कायमचे राहतात. पण विष, अवयवाचा बदललेला रंग, वास, सूक्ष्मदर्शकाखालचे बदल यांसाठी अजून उघडावंच लागतं. म्हणून जिथे ही सोय आहे तिथे आधी स्कॅन करतात आणि तो पाहून पहिला छेद कुठे घ्यायचा ते ठरवतात.